सोशल गेम काढणाऱ्यांनो, आधी आमच्या लोकलमधला डाव बघा

प्रति,
पैशांचे ऑनलाइन खेळ बंद करून आता ‘सोशल गेम’ काढायला निघालेल्या कंपन्यांचे संचालक आणि खेळ आखणारी मंडळी यांस

माहितीसाठी प्रत : केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, नवी दिल्ली



ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ आणि त्यांच्या जाहिराती बेकायदा ठरल्या. ड्रीम 11, एमपीएल, झुपी अशा बड्या नावांनी पैशांचे डाव लगोलग थांबवले. अशा खेळांत लोक वर्षाला सुमारे 20,000 कोटी रुपये घालवतात असा सरकारी अंदाज तेव्हा सांगितला जात होता. मला तो आकडा वाचून नवल वाटले नाही. डोंबिवली गेली, ठाणे गेले, घाटकोपर गेले तरी मान वर न करणारी, शेजाऱ्याशी एक शब्द न बोलता फोनवर रमी लावणारी माणसे आमच्या डब्यात रोज दिसत होती.

कायद्याने तुमच्यासाठी एक दार मात्र उघडे ठेवले आहे. पैज नसेल, पैशांच्या परताव्याची आशा नसेल, निव्वळ करमणूक किंवा कौशल्य असेल तर तो ‘ऑनलाइन सोशल गेम’. त्यासाठी वर्गणी किंवा प्रवेशशुल्क घ्यायलाही मुभा आहे. साहजिकच त्या दाराशी आता गर्दी उसळली आहे. कालपर्यंत बोनसची आमिषे दाखवणाऱ्या जाहिरातींत आज आजी-नातू, दोस्तांचा कट्टा, घरभर हशा असा सगळा जामानिमा आहे. हे पत्र लिहायचे कारण एवढेच, की चार माणसांना जागेवर बसवून ठेवणारा खेळ कसा असतो हे पक्के ठाऊक असलेली माणसे रोज सकाळी बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये असतात. त्यांना तुमच्यापैकी कुणी काही विचारल्याचे ऐकिवात नाही.

तुमची खरी अडचण काय झाली आहे ते आधी सांगतो. पैसा लावलेला असला की खेळ टुकार असला तरी चालतो. माणूस हरला की वसुलीसाठी बसतो, जिंकला की आणखी जिंकायला बसतो. खेळाला काही करावेच लागत नाही. आमच्या शेजारच्या शहराचे नाव मिरवणारा कल्याण मटका बघा. (तो मुळात कल्याणचा नव्हेच. 1962 च्या सुमारास वरळीत तो चालू करणाऱ्या कल्याणजी भगत यांचे ते नाव.) त्यात खेळ म्हणावा असे होते काय? आकडा लावायचा आणि निकालाची वाट बघायची. शेजारी सख्खा भाऊ उभा आहे की अनोळखी माणूस, याने काही बिघडत नव्हते. तुमच्या पैशांच्या रमीतही समोरच्याचे नाव कुणाला आठवते? वर्षानुवर्षे पैसा तुमची पोकळी भरत होता. तो काढून घेतल्यावर आता खेळ उघडा पडला आहे, आणि तुम्ही त्या जागी नाणी, चिप्स, हिरे, रोज हजेरी लावल्याचे बक्षीस असले काहीबाही भरायला लागला आहात.

आता आमच्याकडचा डाव. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर 68 किलोमीटर, वेळ दीड तासाच्या आसपास. सुटणारी गाडी असली तरी ती रिकामी मिळेल या भ्रमात राहू नका. अंबरनाथ-उल्हासनगरची मंडळी उलटी बदलापूरला येऊन, म्हणजे ‘रिटर्न’ करून, आधीच बसलेली असतात. समोरासमोरच्या दोन बाकांवर चार भिडू. मांडीवर पूर्वी ब्रीफकेस आडवी असायची; ती गेली, सॅक आली, आणि सॅकवर पत्ते घसरतात म्हणून मध्ये एक पुठ्ठा आला. त्याच्या कडा सेलोटेपने बांधलेल्या. गुण मांडायला कालच्या पेपरचा समास. पंख्याच्या वाऱ्याने पत्ता उडू नये म्हणून डाव्या हाताचा अंगठा सतत ढिगावर. खेळ बहुधा मेंढीकोट.

मेंढीकोट तुमच्यापैकी कितीजणांना येतो मला ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. चौघे, दोन जोड्या, भिडू समोरासमोर. प्रत्येकाला तेरा पाने. चार दश्श्या पकडायच्या. तीन मिळाल्या की डाव आपला, चारही मिळाल्या की समोरच्यांवर कोट. दोन-दोन झाल्या तर कुणाचे हात जास्त ते बघायचे. तेराच्या तेरा हात केले तर बावनी, आणि ती चढली की बिचाऱ्या जोडीला पुढचा आठवडाभर तोंड वर काढता येत नाही. हुकूम कुठे बंद ठेवतात, कुठे ज्याला उतारीचे पान नसेल तो कापेल तेव्हा ठरतो. घरागणिक नियम वेगळे. डाव पाच-सात मिनिटांत आटोपतो, त्यामुळे कल्याण येईपर्यंत दोन-तीन सहज होतात. हरलेल्याला फेड करायची संधी पुढच्या स्टेशनाच्या आत मिळते. पैसा एक नाही. पणाला लागते ती अब्रू, आणि तीही चहा होईपर्यंत परत मिळण्याजोगी.

पण मला तुमचे लक्ष त्या चौघांकडे वेधायचे नाही. त्यांच्या डोक्यावर, वरची कडी धरून उभे असलेल्या सहा-सात जणांकडे वेधायचे आहे. ते बघे. त्यांना पत्ते वाटलेले नाहीत, तरी त्यांचे लक्ष पेपरात नसते. एक जण दोघांची पाने बघून डोळ्यांनी हळहळतो. दुसरा ‘राजा का उतरलास रे’ म्हणून डाव संपल्यावर फैलावर घेतो. ठाण्याला एक भिडू उतरायचा असतो; तो उठताना हातातली नऊ पाने शेजारच्या उभ्या माणसाच्या हातात देतो, आणि तो बसता बसता पहिले पान टाकतो. त्याला नियम समजावायची गरज पडत नाही, कारण तो महिनाभर उभ्याने शिकलेला असतो. असा कुणी कधी ‘मित्राला बोलवा आणि शंभर नाणी मिळवा’ असे सांगून आणलेला नसतो. आमच्या गटांतले जुने भिडू निवृत्त झाले, बदली होऊन गेले, वारलेही. डाव चालू राहिला तो या बघ्यांतून माणसे आत येत गेली म्हणून. तुमच्या बहुतेक खेळांत बघ्याला उभे राहायला जागाच नाही. टेबलावर चौघे, पाचव्याला दार बंद.

बसलेल्या भिडूंचे प्रकार मात्र तुमच्याच धंद्यातल्या एकाने सांगून ठेवले आहेत. एसेक्स विद्यापीठात 1978 मध्ये रॉय ट्रबशॉ यांनी संगणकावर अनेकांनी मिळून खेळायचा ‘मड’ नावाचा खेळ सुरू केला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. याच बार्टल यांनी 1996 मध्ये खेळाडूंचे चार प्रकार सांगितले आणि त्यांना चक्क पत्त्यांचे रंग दिले. कमाई आणि गुण जमवणारे ते चौकट, नवीन वाटा खणणारे ते इस्पिक, माणसांसाठी येणारे ते बदाम आणि दुसऱ्याला चीत करण्यात सुख मानणारे ते किलवर. तुमच्या धंद्यात हे वर्गीकरण पाठ असते म्हणे. आमच्या बाकांवर हे चारही रंग बसलेले दिसतात: पेपरच्या समासात गुण मांडणारा आणि गेल्या मंगळवारचाही हिशेब काढणारा, ‘आज बंद हुकूम करू या’ म्हणून दर दोन दिवसांनी टूम काढणारा, अर्ध्या डावात मुलीच्या लग्नाचे विचारून सगळ्यांची लय घालवणारा, आणि कोट चढवल्यावर सीटवर थाप मारून अर्धा डबा जागा करणारा. एकच खेळ चौघांना चार कारणांनी आवडतो. बार्टल यांच्या यादीत पाचवा, उभा असलेला, नाही. तुम्ही तो जोडावा.

या सगळ्याच्या उलट काय होते याचा धडा तुमच्याच धंद्याने घालून दिला आहे. झिंगा कंपनीचे फार्मव्हिल जून 2009 मध्ये फेसबुकवर आले आणि वर्षाच्या आत महिन्याला आठ कोटींच्या वर लोक त्यात शेती करू लागले. खऱ्या शेताकडे न फिरकलेली माणसे गजर लावून पिके कापायला उठत, कारण वेळेत कापले नाही तर पीक सुकायचे. गाय सापडली, खिळे हवेत, कुंपणाला मदत करा, असे निरोप ज्यांना शेतीत काडीचा रस नाही अशा मित्रांच्याही भिंतीवर पडू लागले. शेवटी फेसबुकनेच 2010 मध्ये या निरोपांना आळा घातला. खेळ रेंगाळत राहिला आणि 31 डिसेंबर 2020 ला बंद झाला. बंद पडायचे तांत्रिक कारण तो ज्यावर चालायचा ते फ्लॅश सॉफ्टवेअर बंद होण्याचे होते, पण लोक त्याआधीच उठून गेले होते. शेजारी या खेळात माणूस नव्हताच, तो खिळे पुरवणारे दुकान होता. मित्राकडे रोज काहीतरी मागायला लावणारा खेळ मित्रालाच नकोसा होतो.

आणि त्याच्या शेजारी वर्डल हे शब्द ओळखायचे कोडे ठेवून बघा. जॉश वॉर्डल यांनी ते आपल्या जोडीदार पलक शाह यांच्यासाठी बनवले, ऑक्टोबर 2021 मध्ये सगळ्यांना खुले केले आणि पुढच्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने ते विकत घेतले. दिवसाला एकच शब्द. जगभर सगळ्यांना तोच. अर्ध्या रात्री फोन वाजवून ‘तुमची आठवण येते’ म्हणणे नाही. आमच्याकडे पेपरातले शब्दकोडे याच गुणावर इतकी वर्षे टिकले आहे. एकाच्या हातात पेपर असतो, पेन दुसऱ्याच्या खिशात, आणि ‘आडवे सात, चार अक्षरी’ असे विचारले की उत्तर दाराशी लटकलेल्या तिसऱ्याकडून येते. सगळ्यांपुढे एकच कोडे असल्यामुळेच हे बोलणे होते. प्रत्येकाला ‘खास त्याच्यासाठी’ वेगळी पातळी देणारे तुमचे यंत्र नेमके हे बोलणेच मोडून टाकते.

देशातल्या यशाचे उदाहरण तर आमच्यापासून फार लांबही नाही. नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीच्या विकास जयस्वाल यांनी 2016 मध्ये लुडो किंग काढला. लुडो म्हणजे आपल्या पचिसीला इंग्लंडात कपडे चढवून 1896 मध्ये पेटंट घेतलेला अवतार. म्हणजे नियम शिकवायचा प्रश्नच नव्हता. एका फोनवर चौघांना आळीपाळीने खेळता येत होते, इंटरनेट नसले तरी. दूर असलेल्यांसाठी खोलीचा एक क्रमांक पुरे. 2020 च्या टाळेबंदीत बदलापूरच्या आजीने तो क्रमांक पुण्याच्या नातवाला फोनवर वाचून दाखवायचा आणि मग ‘माझी सोंगटी मारलीस ना, ये आता लाडू खायला’ म्हणून दम द्यायचा, असे घरोघरी चालले होते. मी या खेळाचा भक्त नाही. त्यातल्या जाहिरातींनी डोके उठते. पण एका फोनवर चार डोकी वाकलेली मी लोकलमध्ये अजून बघतो, आणि ती एकमेकांशी भांडत असतात. याला मी यश म्हणतो.

तुम्ही मात्र त्यातून शिकलात काय, तर लुडो चालतो. मग पन्नास लुडो निघाले. आमच्या उल्हासनगरला नकली मालावरच्या ‘मेड इन यूएसए’वरून, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन म्हणून, लोक अजून चिडवतात. पण इथल्या जीन्सच्या कारखान्यातला मास्टर निदान गिऱ्हाइकाची कंबर मोजून मग नक्कल करतो.

आता थोडे खेळातल्या सभ्यतेबद्दल. 2022 पर्यंत जलद गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की फोनची रेंज जायची. बोगदा सव्वा किलोमीटरचा, 1916 पासून तिथे आहे, अचानक उगवलेला नाही. तरी तुमचा खेळ काय करायचा? पान टाकायला उशीर झाला म्हणून माझ्या नावाने स्वतःच पान टाकायचा, किंवा मला हरलेला ठरवून मोकळा व्हायचा. पुठ्ठ्यावरच्या डावात कुणाला फोन आला तर बाकीचे तिघे हात खाली करून थांबतात. गल्लीतल्या पोरांनाही हे कळते: बुटाची नाडी सुटली की ‘टाइम प्लीज’, आणि राज्य असलेला कितीही चिडला तरी थांबतो. धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू म्हणून घेतात. ते पळते, ओरडते, पण आउट होत नाही, आणि दोन सुट्ट्यांनंतर तेच अख्ख्या टोळीला दमवते. तुमच्याकडे नवखा पहिल्या दिवशी शंभर डाव जिंकतो, कारण समोर सोपे यंत्र बसवलेले असते. मग तो चटावला की चढ सुरू होतो आणि मदतीचे दुकान उघडते. लिंबूटिंबूला कुणी फसवत नाही. आपण लिंबूटिंबू आहोत हे त्याला माहीत असते.

बायकांच्या डब्यातले मला सांगोवांगी माहीत आहे, पण जे ऐकतो त्यावरून गाण्याच्या भेंड्यांइतका स्वस्त आणि टिकाऊ खेळ दुसरा नसावा. साहित्य शून्य. मटार सोलता सोलता खेळता येतो. गाणे न येणारीलाही टाळी वाजवून संघात राहता येते, आणि अक्षर अडले की पलीकडच्या बाकावरून अनोळखी बाई गाणे पुरवते. आमच्या सोसायट्यांच्या गणपतीतली हाउजी घ्या. कौशल्य काडीचे नाही: तिकिटावर पंधरा आकडे, एक ते नव्वदातले निघतात, जल्दी पाच, पहिली ओळ, फुल हाउस. तरी बदलापूर पूर्वेच्या नव्या टॉवरांत, जिथे समोरच्या फ्लॅटवाल्याचे आडनाव दारावरच्या पाटीवरून कळते, तिथे गच्चीत दोनशे माणसे खाली बसतात. सगळा खेळ आकडे पुकारणाऱ्याच्या तोंडावर असतो. तो कुणाच्या टकलावरून, कुणाच्या नव्या गाडीवरून आकडा ओवतो, आणि ज्याची टर उडाली तो दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये आपण होऊन बोलतो. आकडे पुकारणारे यंत्र तुमच्याकडे आहे. ओळखीची टर उडवायला जागा तुम्ही कुठे ठेवली आहे?

आमच्या डब्यातल्या गटांना मी डोक्यावर घेतोय असे समजू नका. चौघांच्या खेळासाठी सहा जागा अडवणे, ‘ये अपना ग्रुप का सीट है’ म्हणून नवख्याला उठवणे, म्हाताऱ्याच्या कानाशी आरडाओरडा, ही दादागिरी आहेच, आणि रेल्वे सुरक्षा दलाने अधूनमधून कारवाई केली तर मला या गटांची कीव येत नाही. जो गट बघ्यांना हुसकावतो तो काही वर्षांत आपोआप आटतो, हेही बघितले आहे. पण या दोषांतला एकही तुमच्या फोनवरच्या खेळाला उचलायची गरज नाही, एवढे तरी तुमच्या बाजूने आहे.

तर मागण्या. समोर माणूस आहे की यंत्र, हे पडद्यावर मोठ्या अक्षरांत सांगा. भिडूच्या बाबतीत फसवणूक झाली तर बाकी सगळे व्यर्थ. डाव अर्धा टाकून उतरता आले पाहिजे, आणि हातातली पाने दुसऱ्याला देताही आली पाहिजेत. टेबलाला बघे असू देत, त्यांना बोलू देत. नियम टेबलाने ठरवावेत, कारण आमच्या मामाकडचा मेंढीकोट आणि सासरचा मेंढीकोट यांत तह होणे नाही. मराठी मराठीसारखी असू द्या. ‘तुमची वळण आहे’ असले काही पडद्यावर आले की आम्ही तो खेळ तिथेच काढून टाकतो. उल्हासनगरात सिंधी बोलणाऱ्या घरांसाठी सिंधी दिलीत तर सोन्याहून पिवळे. पैसे हवेत तर वर्गणी सरळ मागा, कायद्याने ती दिली आहे. महिन्याचा पास काढायची आम्हाला सवय आहे. पण खऱ्या पैशांनी चिप्स विकून, त्या परत कधीच पैशांत बदलता येत नाहीत म्हणून आपण सोवळे, असे म्हणू नका. मंत्रालयाला पाठवलेली प्रत खास या वाक्यासाठी आहे.

चाचणी बंगळुरूच्या काचेच्या खोलीत घेऊ नका, इकडे या. रविवारी येऊ नका, मेगाब्लॉक असतो. पहिल्या वर्गात बसू नका, तिथे प्रत्येकाच्या कानात काहीतरी असते. सोबत तीन-चार वर्षे जुना, काचेला तडा गेलेला फोन आणा, बदलापूरला दुसऱ्या वर्गात शिरा आणि चौघे मिळून तुमचा खेळ सुरू करा. कुणाला बोलावू नका, काही वाटू नका. ठाणे येईपर्यंत वरची कडी धरलेल्या एखाद्याने न विचारता ‘अहो, ते नको, ते दुसरे टाका’ म्हटले, तर खेळ बाजारात आणा. नाही म्हटले, तर ठाण्यालाच उतरा आणि समोरच्या फलाटावरून परतीची गाडी पकडा.

कळावे,
आपला,
बदलापूर-सीएसएमटी मार्गावरचा एक पासधारक